तडीपारांचा नकाशा

'तडीपार' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्यातली नदी आता कुणाला दिसत नाही. तड म्हणजे काठ. काठाच्या पलीकडे ज्याला घालवले तो तडीपार. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीत हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे १९५१ च्या पोलीस अधिनियमातली कलमे असतात. आदेश एका नावाने निघतो, त्यात जिल्हे सांगितलेले असतात, मुदत दोन वर्षांपर्यंतची असते आणि आदेशाविरुद्ध शासनाकडे अपील करता येते. ही तरतूद किती न्याय्य, हा वेगळा विषय आहे. पण तडीपार माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात : आपल्याला कुठे जायचे नाही, आणि परत केव्हा येता येईल.

प्रस्तुत लेखात ज्या तडीपारीचा इतिहास आम्ही मांडू पाहतो आहोत, तिच्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. ती अमेरिकेतल्या शहरांमध्ये घडली. तिथे माणसाला शहराबाहेर जा असे कुणी सांगितले नाही; शहराच्या नकाशावर वर्तुळे काढली गेली, आणि वर्तुळे काढून झाल्यावर उभे राहायला जागा उरली नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका कादंबरीमुळे. रसेल बँक्स यांची 'लॉस्ट मेमरी ऑफ स्किन' ही कादंबरी २०११ साली आली. तिचा नायक एक बावीस वर्षांचा मुलगा आहे. कादंबरी त्याला नाव देत नाही, नुसते 'द किड' म्हणते. इंटरनेटवर ओळख झालेल्या एका अल्पवयीन मुलीला भेटायला गेला असता तो पकडला गेला. शिक्षा भोगून झाल्यावर तो कलुसा नावाच्या काल्पनिक शहरातल्या एका पुलाखाली, त्याच्यासारख्याच इतरांबरोबर राहतो, कारण शहरात दुसरीकडे कुठे राहण्याची त्याला परवानगी नाही. आमच्या वाचनमंडळात ही कादंबरी चर्चेला घेतली, तेव्हा एक सहकारी शिक्षिका म्हणाल्या, ''तुम्ही पुलाखालच्या माणसांविषयी बोला. मला मुलगी आहे. माझ्या शहराचा असा नकाशा मिळाला तर मी आधी तो उघडून बघेन.'' त्यावर कुणीच काही बोलले नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे आम्हांलाही वाटले नाही, आजही वाटत नाही. हा लेख म्हणजे त्या वाक्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. ते कितपत उत्तर ठरते, हे वाचकांनीच ठरवावे.

पहिली गोष्ट ही की नोंदवही आधी आली आणि मुले नंतर. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात शिक्षा झालेल्या गुन्हेगारांनी पोलिसांकडे नाव नोंदवावे असे स्थानिक नियम झाले. त्या काळातल्या टोळ्यांची धास्ती त्यांमागे होती. १९४७ साली कॅलिफोर्नियाने एक पाऊल पुढे टाकले आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची राज्यभरची नोंदणी सक्तीची केली. अमेरिकेतली ही अशी पहिली राज्यव्यापी नोंदवही. तिच्यात कुणाची नावे चढली हे पाहिले तर तिचा स्वभाव कळतो. त्या काळी दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध हाही गुन्हा होता. कॅलिफोर्नियाने तो कायदा १९७५ मध्ये रद्द केला. तोवर सार्वजनिक बागेत, गाडीत, न्हाणीघरात पकडलेल्या समलिंगी पुरुषांची नावे याच वहीत जात राहिली. बेयार्ड रस्टिन हे त्यांतले एक. गांधीजींच्या अहिंसेचा अभ्यास केलेला, १९४८ मध्ये भारतात येऊन गेलेला आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याची उभारणी करणारा हा कार्यकर्ता १९५३ साली पासाडेना येथे पकडला गेला. साठ दिवसांची कैद झाली आणि नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदीत गेले. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी त्यांना माफी दिली ती २०२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. वही कुणाला गुन्हेगार म्हणते हे ती वही चालवणारा काळ ठरवतो, आणि काळ बदलला तरी वहीतली शाई लगेच वाळत नाही.

या जुन्या नोंदवह्यांविषयी एक खटला झाला होता, तोही इथे सांगायला हवा. शहरात पाच दिवसांहून अधिक राहणाऱ्या प्रत्येक शिक्षा झालेल्या गुन्हेगाराने नोंदणी करावी, असा लॉस एंजेलिसचा नियम होता. बनावट सहीच्या गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेली एक स्त्री तिथे सात वर्षे राहत होती. हा नियम तिला ठाऊकच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, तिची शिक्षा रद्द केली. माणूस काही न करता नुसता एखाद्या शहरात राहतो, एवढ्याच कारणाने, पूर्वसूचना नसताना, त्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. नुसते राहणे हाच गुन्हा होऊ शकतो का, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयात उच्चारला गेला. पुढच्या पन्नास वर्षांत तो अनेकदा परत आला.

जुन्या नोंदवह्या पोलीस ठाण्याच्या कपाटात राहत. त्या लोकांच्या हाती गेल्या त्या मुलांच्या नावांनी. २२ ऑक्टोबर १९८९ रोजी मिनेसोटा राज्यातल्या सेंट जोसेफ या छोट्या गावात अकरा वर्षांच्या जेकब वेटरलिंगला सायकलवरून घरी परतताना एका बंदूकधारी माणसाने पळवून नेले. त्याचा पत्ता लागला नाही. परिसरातल्या जुन्या गुन्हेगारांची यादी तपासकर्त्यांच्या हाताशी असती तर, हा विचार त्याच्या आईच्या, पॅटी वेटरलिंग यांच्या मनात राहिला, आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९९४ साली जेकबच्या नावाचा केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक राज्याने नोंदवही ठेवावी, एवढेच त्याने सांगितले होते आणि ती मुख्यतः पोलिसांसाठी होती. त्याच वर्षी २९ जुलैला न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांका हिचा बलात्कार करून खून झाला. खुनी समोरच्याच घरात राहत होता आणि पूर्वी अशाच गुन्ह्यांत त्याला शिक्षा झाली होती. शेजाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक असते तर मेगन जिवंत असती, हे तिच्या आईवडिलांचे म्हणणे ज्याला समजणार नाही असा माणूस सापडणे कठीण. न्यू जर्सीने तीन महिन्यांत कायदा केला. १९९६ मध्ये तो देशाचा झाला. नोंद आता शेजाऱ्यांसाठी खुली झाली, आणि नेमके त्याच वर्षांत इंटरनेट घराघरांत शिरत होते. वहीचा नकाशा व्हायला वेळ लागला नाही. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गुन्हेगारांच्या तीन श्रेणी केल्या आणि पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे व आजन्म अशा नोंदणीच्या मुदती घातल्या. काही गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांवरची मुलेही तिच्यात आली. आज या नोंदींत सात लाखांहून अधिक नावे आहेत.

मुलाच्या नावाने आलेल्या कायद्याला विरोध करणे कोणत्याही सभागृहात अवघड असते. विरोध करणाऱ्याला जणू त्या मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. शोककथा ही एका मुलाची असते आणि म्हणूनच ती आपल्याला हलवते. कायदा मात्र लाखोंचा असतो. कथेतला खलनायक अनोळखी, शेजारी दबा धरून बसलेला. आणि कायदा त्या खलनायकाच्या मापाने बेतलेला. प्रत्यक्षात ज्या मुलांवर असे अत्याचार होतात त्यांतली दहांपैकी नऊ मुले अत्याचार करणाऱ्याला ओळखत असतात. तो घरातला असतो, नात्यातला असतो, शिकवणीचा असतो. घराभोवती काढलेल्या वर्तुळाला घराच्या आतले काही दिसत नाही.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अलास्कातला खटला आला. ज्यांचे गुन्हे कायद्याच्या आधीचे होते त्यांची नावे मागाहून जाहीर करणे ही नवी शिक्षा नव्हे काय, असा सवाल होता. सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आले : ही शिक्षा नव्हे, ही नागरी स्वरूपाची व्यवस्था आहे. निकालात असे म्हटले होते की या गुन्हेगारांनी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भयावह आणि मोठा आहे. हे शब्द आदल्या वर्षीच्या एका निकालातून आले होते, आणि तिथे उपचार न घेतलेल्यांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज दिला होता. त्या अंदाजाचा माग २०१५ मध्ये काढण्यात आला. तो सरकारी मार्गदर्शिकेतून १९८६ सालच्या एका लोकप्रिय मानसशास्त्रविषयक मासिकापर्यंत जाऊन पोचला. तुरुंगात उपचारवर्ग चालवणाऱ्या एका समुपदेशकाने तिथे तो आकडा लिहिला होता आणि त्याला कसल्याही पाहणीचा आधार दिलेला नव्हता. याउलट, अमेरिकेच्या न्याय खात्याने पंधरा राज्यांतून १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ पुरुषांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध केली. तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले होते ५.३ टक्के. हे प्रमाण शून्य नाही; त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक पीडित व्यक्ती आहे, आणि पुढे न आलेल्या तक्रारी त्यात धरलेल्या नाहीत. तरीही पाच आणि ऐंशी यांत जे अंतर आहे, त्या अंतरात लाखो माणसांचे आयुष्य मावते.

आता वर्तुळांकडे वळू. कुठे राहता हे सांगा, इथून कुठे राहू नका, इथपर्यंतचा प्रवास १९९५ मध्ये फ्लोरिडात सुरू झाला. शाळा, बागा, खेळाची मैदाने यांपासून हजार फुटांच्या आत काही विशिष्ट गुन्हेगारांनी राहू नये. २००२ मध्ये आयोवाने हे अंतर दोन हजार फूट केले. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या होमोसासा येथे नऊ वर्षांच्या जेसिका लन्सफर्डचा खून झाला आणि गावोगावी अंतर वाढवण्याची चढाओढ लागली. शेजारच्या गावाने हजार फूट ठेवले तर आपण दीड हजार ठेवू, नाहीतर ती माणसे आपल्याकडे येतील, असा त्यामागचा हिशेब. मायामी-डेड परगण्याने अडीच हजार फूट केले. २००६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे सत्तर टक्के मतांनी दोन हजार फुटांना कौल दिला. या फुटांचा अर्थ शाळेतल्या भूमितीने कळतो. दोन हजार फूट त्रिज्येचे एक वर्तुळ म्हणजे एक चौरस किलोमीटरहून अधिक जागा. त्रिज्या दुप्पट केली की जागा चौपट होते. दाट वस्तीच्या शहरात शाळा, पाळणाघरे आणि बागा जवळजवळ असतात, त्यामुळे वर्तुळे एकमेकांत मिसळतात. ज्या भागात घरे भाड्याने मिळतात, बस जाते, काम मिळते, तोच भाग आधी झाकला जातो. उरतात गोदामे, दलदल, विमानतळाचा परिसर आणि पाणी.

मायामीत उरले ते पाणी. मायामी आणि मायामी बीच यांना जोडणारा समुद्रपूल ज्युलिया टटल यांच्या नावाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे मायामीपर्यंत आणण्यासाठी ज्यांनी खटपट केली आणि ज्यांना त्या शहराची आई म्हटले जाते, त्या या बाई. २००६-०७ च्या सुमारास या पुलाखाली सुटलेले कैदी राहू लागले. ते तिथे लपून राहत नव्हते. सुधारखात्याच्या अधिकाऱ्यांनीच काहींना तिथे नेऊन सोडले होते, कारण नियमात बसणारी दुसरी जागा सापडत नव्हती. काहींच्या वाहन परवान्यावर पत्ता म्हणून त्या पुलाचे नाव छापलेले होते. रात्री ते तिथे आहेत ना, हे पाहायला अधिकारी येत. पायातल्या पट्ट्यात बसवलेले यंत्र चार्ज करण्यासाठी जनरेटर चालवावा लागे. एकेकाळी तिथे शंभराहून अधिक माणसे होती. २०१० मध्ये ती वस्ती उठवली गेली. माणसे हायालियाजवळच्या रुळांकडेला जमली, आणि २०१८ मध्ये तिथूनही उठवली गेली. बँक्स यांच्या कादंबरीची पार्श्वभूमी ही आहे. हॉथॉर्नच्या हेस्टर प्रिनला निदान गावाच्या टोकाला, किनाऱ्यालगत एक झोपडी होती. त्या मानाने सतरावे शतक उदार म्हणायचे.

या साऱ्याने मुले सुरक्षित झाली असती तर पुलाखालच्या माणसांचे हाल ही किंमत म्हणून मोजायला अनेक जण तयार झाले असते. आम्हीही कदाचित झालो असतो. म्हणून हिशेब याच बाजूने मांडायला हवा. आयोवात २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाच्या निकालानंतर निवासबंदी अमलात येऊ लागली आणि अल्पावधीत पत्ता न लागणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. कुणी हमरस्त्यावरचा थांबा, कुणी अमुक पुलाखाली असे पत्ते लिहून देऊ लागला. २००६ साली तिथल्या सरकारी वकिलांच्याच संघटनेने निवेदन काढून हा कायदा मागे घ्यावा असे म्हटले. गुन्हेगारांवर खटले भरणे हे ज्यांचे काम, ते हे सांगत होते : यामुळे मुलांचे रक्षण होत असल्याचा पुरावा नाही, आरोपी आता कबुली द्यायला तयार होत नाहीत, त्यामुळे मुलांना साक्षीला उभे राहावे लागते, आणि सगळ्यात घातक म्हणजे गुन्हेगार घरातलाच असेल तर कुटुंबे तक्रार करायलाच कचरतात. २००९ मध्ये आयोवाने ही बंदी फक्त गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली. मिनेसोटाच्या सुधारखात्याने २००७ मध्ये पुन्हा गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून तपासली. निवासबंदी असती तर टळला असता असा गुन्हा त्यांत एकही सापडला नाही.

मग न्यायालयांचा सूर बदलू लागला. सॅन डिएगो परगण्यात भाड्याने मिळू शकणाऱ्या सामायिक इमारतींतली तीन टक्क्यांहूनही कमी घरे नियमाबाहेर उरत होती. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या पॅरोलवरच्या लोकांना सरसकट ही बंदी लावणे घटनाबाह्य ठरवले. २०१६ साली मिशिगनच्या प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने ग्रँड रॅपिड्स शहराचा नकाशाच निकालपत्रात छापला, आणि हे जुन्या काळच्या हद्दपारीसारखे आहे, म्हणजे ही शिक्षाच आहे, असे म्हटले. पण वर्तुळे काढण्याची हौस संपली असे नाही. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या हार्बर गेटवे भागात काही चिमुकल्या बागा उभारण्यात आल्या. मुलांनी खेळावे हा त्यांचा हेतू दुय्यम होता. बाग झाली की दोन हजार फुटांचे नवे वर्तुळ तयार होते आणि आजूबाजूच्या घरांतून नोंदवहीतली माणसे निघून जातात, हा मुख्य.

मराठी वाचकाला इथे एक इतिहास आठवल्याशिवाय राहणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत आलेला; नावांची नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी, सोलापूरच्या वसाहतीभोवतीचे तारेचे कुंपण. 'उपरा' आणि 'उचल्या' ही आत्मकथने आपण वर्गात शिकवतो ती याच इतिहासाची अपत्ये. ही तुलना करताना एक भेद मात्र पुसता कामा नये. त्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले होते, त्यांनी काही केलेले नव्हते. अमेरिकेच्या नोंदवहीतल्या बहुतेकांनी काहीतरी केलेले आहे, आणि काहींनी केलेले भयंकर आहे. या दोघांना एका रांगेत बसवणे हा विमुक्तांवर दुसरा अन्याय होईल. साम्य आहे ते यंत्रणेत. यादी एकदा तयार झाली की तपासाची जागा हजेरी घेते. नाव चढवणे सोपे असते, उतरवण्याला वाट नसते. आणि १९५२ मध्ये कायदा रद्द झाला तरी सराईत गुन्हेगारांविषयीच्या १९५९ च्या मुंबई कायद्याच्या रूपाने तो मागच्या दाराने परत येतो. भारतानेही २०१८ च्या सप्टेंबरात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ती फक्त तपासयंत्रणांना पाहता येईल अशी ठेवली गेली. ती खुली करावी ही मागणी प्रत्येक अमानुष घटनेनंतर पुन्हा उठू शकते, आणि तेव्हा आपल्यासमोरही एखाद्या मुलीचे नाव असेल.

जेकबची गोष्ट अपुरी राहिली होती. २०१६ च्या सप्टेंबरात, सत्तावीस वर्षांनी, एका माणसाने कबुली दिली आणि जागा दाखवली. तो जवळच्याच भागातला होता. जेकबला नेले तेव्हा त्याच्या नावावर लैंगिक गुन्ह्याची शिक्षा नव्हती. म्हणजे जी यादी असायला हवी होती असे जेकबच्या आईला वाटले, त्या यादीत तो नसताच. मग काय असायला हवे होते? तीसेक मैलांवरच्या पेन्सव्हिल गावात त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत अनेक मुलांवर एका अनोळखी माणसाने हल्ले केले होते. मुलांनी ते सांगितले होते. त्यांचे सांगणे आणि जेकबचे नाहीसे होणे यांची सांगड वेळीच नीट घातली गेली नाही. तपासातल्या या चुका २०१८ मध्ये त्याच परगण्याच्या शेरीफने जाहीरपणे मांडल्या. पॅटी वेटरलिंग यांनी तर त्याच्याही आधीपासून, नोंदवही फार फैलावली आहे, तिच्यात लहान मुलांनाही ओढले जाते आहे, असे बोलायला सुरुवात केली होती. ज्या कायद्याला आपल्या मुलाचे नाव आहे त्याविषयी असे बोलायला काय लागत असेल, याची कल्पना आम्ही करून पाहिली. ती पुरती करता आली नाही.

आमच्या सहकारी बाईंना सांगायचे ते एवढेच. नकाशा उघडून बघावासा वाटणे स्वाभाविक आहे. आमच्याही घरात मुले आहेत. पण नकाशावर ठिपका नाही म्हणून ज्या घरी आपण मुलीला निर्धास्त पाठवू, त्या घराविषयी नकाशा काहीच सांगत नाही. ते मुलगी सांगेल. पेन्सव्हिलच्या मुलांनी सांगितले होते तसे.